दुसऱ्यांच्या घरात वाढणारी मुलं आणि तिथलं संडास-पाणी

फॉस्टर घराची पाहणी करायला येणारी माणसं बहुतेक वेळा संडास मोजतात. मुलं किती, संडास किती, नळाला पाणी येतं का, फरशी धुतलेली आहे का. पाहणी दिवसाउजेडी होते, आणि पाहुणे येणार म्हणून सकाळीच फिनाईल मारलेलं असतं. रात्री दोन वाजता सहा वर्षांचं मूल अंथरुणातून उठून एकटं तिथपर्यंत जाऊ शकतं का, हे त्या कागदावर कुठेच येत नाही. ते जाऊ शकत नसेल, तर इमारतीत संडास कितीही असोत, त्या मुलापुरता तिथे संडास नाही.

फॉस्टर घर म्हणजे इथे दोन्ही धरतो. आई-वडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला आपल्याकडे ठेवून घेणारं कुटुंब, आणि अशी बरीच मुलं एकत्र राहतात ते बालगृह किंवा छोटं गटघर. दोन्हीकडच्या अडचणी सारख्या नाहीत. जिथे फरक पडतो तिथे तो सांगेन.

घाण तोंडापर्यंत कशी पोचते

जुलाब, आव, जंत, विषमज्वर, कावीळचे काही प्रकार हे सगळे मुळात एकाच वाटेने पसरतात. एकाची विष्ठा कणाकणाने दुसऱ्याच्या तोंडात जाते. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण गोड शब्दांत सांगितलं की नेमकं हेच निसटतं. १९५८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकाशनात हा प्रवास आकृती काढून दाखवला गेला. बोटं, माश्या, पाणी, माती आणि अन्न अशा त्या पाच वाटा. आजही स्वच्छतेचं शिक्षण देणारे लोक तीच आकृती वापरतात, कारण तिच्यात बदलण्यासारखं फारसं काही निघालेलं नाही.

या वाटा दोन जागी अडवता येतात. पहिली जागा संडास. विष्ठेशी माणसाचा संपर्क येऊ न देणारं शौचालय, एवढीच ‘सुधारित शौचालय’ या शब्दाची व्याख्या आहे. टाइल्सचा, पांढऱ्या भांड्याचा तिच्याशी संबंध नाही. दुसरी जागा हात. साबणाने हात धुण्याने जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटतं, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसतं. ही घट लहान नाही. पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं दरवर्षी जुलाबाने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

बाळाची शी निरुपद्रवी असते हा गैरसमज बऱ्याच घरांत आढळतो. उलट लहान मुलांना पोटाचे संसर्ग जास्त होतात, त्यामुळे त्यांच्या शीमध्ये रोगजंतू असण्याची शक्यताही जास्त. दुपटी नळाखाली विसळून त्याच मोरीत भांडी घासली, तर मोठ्यांसाठी बांधलेला उत्तम संडास काही कामाचा उरत नाही.

आता एकत्र राहण्याने काय होतं ते पाहू. शिगेला नावाच्या जंतूमुळे रक्ती आव होते. ती व्हायला १० ते १०० जंतू पोटात गेले तरी पुरतात. म्हणजे दाराच्या कडीला लागलेला, डोळ्याला न दिसणारा अंश पुरेसा आहे. चार माणसांच्या घरात त्या कडीला चौघांचे हात लागतात, तीस मुलांच्या बालगृहात तिसांचे, आणि तेही न्याहारीआधीच्या अर्ध्या तासात. म्हणून बालगृहात फरशी पुसण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, कडी, नळाची मूठ, फ्लशचं बटण आणि दिव्याचं बटण पुसणं महत्त्वाचं. नेमकं तेच राहून जातं, कारण फरशीवरची घाण दिसते आणि कडीवरची दिसत नाही.

सॅनिटायझरच्या बाटलीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. उलट्या-जुलाबाच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तिचा नीट परिणाम होत नाही, जंतांच्या अंड्यांवर तर नाहीच. साबण, वाहतं पाणी आणि २० सेकंद चोळणं याला अजून पर्याय सापडलेला नाही.

एकत्र राहणाऱ्या मुलांना छळणारे आणखी दोन त्रास आहेत, आणि दोन्ही फसवे आहेत. पहिला सूतकृमींचा. या बारीक पांढऱ्या कृमींची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत जातात आणि तिथून चादरीवर, खेळण्यांवर, दुसऱ्या मुलाच्या हातावर. ती बाहेर दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात. एकाच मुलाला औषध दिलं तर ते बरं होतं आणि शेजारच्या पलंगावरून पुन्हा तोच संसर्ग घेतं. म्हणून औषध सगळ्यांना एकाच वेळी द्यायचं असतं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापलेली हवीत, आणि सकाळी उठल्यावर अंघोळ किंवा निदान खालून धुणं हवं.

दुसरा त्रास खरजेचा. पहिल्यांदाच खरूज होते तेव्हा खाज सुटायला कित्येकदा चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मूल निरोगी दिसतं आणि खरूज पसरवत असतं. खाज दिसल्यावर ज्याने त्याने ‘हा नवा आलेला मुलगा खरूज घेऊन आला’ म्हणून बोट दाखवायचं, हे म्हणूनच बहुतेक वेळा निव्वळ अंदाजपंचे असतं. इथेही सगळ्यांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. खरजेचे किडे माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा टिकत नाहीत, त्यामुळे धुता येणार नाही ते पांघरूण पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवलं तरी भागतं. जाळायची, फेकायची गरज नसते. मुलाच्या अंगावरचं, घरून आलेलं एकुलतं एक कापड खरजेच्या नावाखाली कचऱ्यात टाकलं जातं तेव्हा हे आठवायला हवं.

पण नुसते संडास बांधून भागतं का?

इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे हजारो कुटुंबांवर मोठे, काटेकोर प्रयोग झाले. संडास, हात धुण्याची सोय आणि पाण्याचं शुद्धीकरण पुरवलं तर लहान मुलांची वाढ सुधारते का, हे त्यांत तपासलं होतं. निकाल २०१८ आणि २०१९ मध्ये आले. स्वच्छतेच्या सोयींमुळे मुलांची उंची वाढल्याचं दिसलं नाही. जुलाब बांगलादेशात कमी झाले, बाकी दोन ठिकाणी नाहीत.

यावरून कुणी ‘मग खर्च कशाला’ असं म्हणू लागलं तर तो सोयीचा अर्थ झाला. मला त्यातून एवढंच दिसतं की अर्धवट सुधारणा अर्धवटसुद्धा फळ देतेच असं नाही. पाचपैकी दोन वाटा अडवल्या तर जंतू उरलेल्या तीन वाटांनी येतात. फॉस्टर घरात तर एक जास्तीची अडचण आहे. तिथे राहणारं मूल कोऱ्या पाटीचं नसतं. कुणी उघड्यावर जाण्याची सवय घेऊन आलेलं असतं, कुणाला फ्लशच्या आवाजाची भीती वाटते, कुणाला आजवर कुणी नीट धुवायला शिकवलेलंच नसतं, आणि कुणाला संडास-बाथरूमच्या बंद दारामागे काहीतरी फार वाईट सोसावं लागलेलं असतं.

ओली चादर

पाच वर्षांच्या वयात साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. दहाव्या वर्षीही पाच टक्क्यांच्या आसपास मुलांना हा त्रास उरतो. घरदार, आई-वडील सगळं ठीक असलेल्या मुलांची ही गोष्ट झाली. सहा महिन्यांहून जास्त काळ कोरडं झोपणारं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर त्यामागे अनेकदा मोठा ताण असतो. घर सुटणं याहून मोठा ताण मुलाच्या आयुष्यात कोणता? कधी मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा मधुमेहही असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं ते आधी. ओरडणं त्यानंतरही नाही.

दिवसा चड्डीत शी होणं याला तर ‘घाणेरडी सवय’ म्हणून सर्रास शिक्षा होते. वैद्यकीय बाजू बहुतेक वेळा उलट असते. मूल शी दाबून ठेवतं. का ठेवतं? संडासाला कडी नाही, दिवा नाही, वास सहन होत नाही, मोठी मुलं दार ढकलतात, किंवा विचारल्याशिवाय उठायची परवानगी नाही. दाबून ठेवलेला मळ कडक होतो, आतडं ताणलं जातं, आणि ताणलेल्या आतड्याला भरल्याची जाणीव होईनाशी होते. मग कडक मळाच्या बाजूने पातळ मळ आपोआप झिरपतो. मुलाला ते कळतसुद्धा नाही. शिक्षा केली की मूल आणखी दाबतं, आणि चक्र घट्ट होतं. यावर उपाय म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं मळ सैल करणारं औषध, पुरेसं पाणी, जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसण्याची सवय, आणि कमोड असेल तर पायाखाली ठेवायला चौरंगासारखं काहीतरी. पाय लोंबकळत असले की जोर लागत नाही. भोक मोठं असेल तर लहान मुलाला आत पडायची भीती वाटते, त्यासाठी छोटी सीट मिळते. या क्षुल्लक वस्तू बांधकामाच्या आराखड्यात कधीच नसतात.

चांगल्या गटघरात ओल्या चादरीची एक न बोलता चालणारी पद्धत असते. गादीवर पुसता येणारं आच्छादन, मुलाच्या हाताला लागेल अशा कपाटात कोरडी चादर आणि कपडे, ओलं टाकायला झाकणाची बादली. रात्री मूल उठतं, बदलतं, झोपतं. सकाळी चौकशी नाही, चादर दोरीवर सगळ्यांना दिसेल अशी वाळत घालणं नाही. वाईट ठिकाणी मुलाला स्वतःची चादर सगळ्यांसमोर धुवायला लावतात आणि त्याला ‘जबाबदारीची शिकवण’ म्हणतात. संध्याकाळी पाचनंतर पाणीच न देण्याची युक्ती तर वाईटातली वाईट. त्याने दिवसभराचं पाणी कमी पडतं, बद्धकोष्ठ वाढतं आणि अंथरूण ओलं व्हायचं ते होतंच.

रात्रीच्या संडासाचा प्रश्न फारसा खर्चीक नाही. वाटेत रात्रभर मंद दिवा, मूल जिथे झोपतं त्याच मजल्यावर संडास, आतून लागणारी आणि गरज पडल्यास मोठ्यांना बाहेरून उघडता येणारी कडी, आणि रात्रपाळीला जागी असलेली ओळखीची व्यक्ती. संडास अंगणाच्या टोकाला असेल आणि तो लगेच हलवणं शक्य नसेल, तर रात्रीपुरतं झाकणाचं भांडं ठेवलं तरी चालतं. त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. सकाळी ते मोठ्यांनी रिकामं करायचं, मुलांनी नाही.

कडी, आडोसा आणि पाळी

मुलांवर अत्याचार होण्याचा धोका न्हाणीघरात आणि संडासात असतो, कारण तिथे कपडे उतरलेले असतात आणि कुणी पाहत नसतं. म्हणून फॉस्टर घरात आडोसा आणि देखरेख दोन्ही लागतात, आणि त्यांची ओढाताण असते. दारच काढून टाकणं हे सुरक्षेच्या नावाखाली केलेलं अपमानाचं काम आहे. दार पूर्ण हवं, पण दाराकडे जाणारा बोळ मोकळा, उजेडात आणि मोठ्यांच्या नजरेत हवा. मुली-मुलग्यांचे वेगळे संडास, लहान-मोठ्यांच्या अंघोळीच्या वेगळ्या वेळा, आणि कोणत्या वयानंतर कोण कुणाला अंघोळ घालणार याचा लेखी नियम. तो नियम मुलांनाही माहीत असायला हवा, नाहीतर मोडला गेला हे त्यांना कळणार कसं?

संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी देखभालीतल्या मुलांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत मुलाच्या खासगीपणाच्या हक्कात दोन गोष्टी शेजारी-शेजारी येतात. स्वच्छतेसाठी योग्य सोय, आणि स्वतःच्या वस्तू ठेवायला सुरक्षित जागा. ही जोडी मला फार नेमकी वाटते. स्वतःचा ब्रश, टॉवेल, कंगवा, अंतर्वस्त्रं ठेवायला जागा नसेल तर सगळ्यांचं सगळं एकत्र होतं, आणि उवा, डोळे येणं, त्वचेचे संसर्ग त्याच वाटेने फिरतात.

पाळी आलेल्या मुलीला पॅड प्रत्येक वेळी मागून घ्यावा लागू नये. मागायचा तर कुणाकडे, हा प्रश्न तिला तासन्‌तास एकाच पॅडवर ठेवतो. न्हाणीघरातच साठा, आतच पाणी, झाकणाचा डबा, आणि कापडी पॅड वापरत असेल तर ते उन्हात वाळवता येईल अशी जागा. पहिली पाळी या घरातच येणार असेल तर आधी बोलून ठेवणं हे तिथल्या बाईंचं काम. आईने सांगितलं असेल असं गृहीत धरता येत नाही.

चालता न येणाऱ्या मुलासाठी रुंद दार, आधाराचा दांडा आणि उतार लागतो. उताराचं प्रमाण एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. याहून तीव्र उतार केला की चाकाची खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते, आणि मग मूल संडासासाठी पुन्हा परवानगीवर येतं.

कुटुंबात राहणाऱ्या मुलाचं वेगळं दुःख

कुटुंबात संडास असतो, पाणी असतं, मोजणीत सगळं बसतं. तिथे त्रास होतो तो वेगळेपणाचा. घरातल्या मुलांनी आतला संडास वापरायचा आणि याने मागचा. याचं पाणी प्यायचं भांडं निराळं. मोठ्यांना वाटतं, आपण आरोग्याची काळजी घेतो आहोत. टॉवेल, ब्रश, कंगवा वेगळे हवेतच, पण ते घरातल्या प्रत्येकाचे वेगळे हवेत. एकट्या पाहुण्या मुलाचं सगळं वेगळं ठेवलं तर ती स्वच्छता उरत नाही, तो शिक्का होतो. आल्या दिवशी उवा-खरूज तपासायची असेल तर दार लावून, त्याला सांगून तपासावी. सगळ्यांसमोर डोकं भादरण्याची गरज आजच्या औषधांच्या काळात अजिबात नाही.

उलट टोकाचा धडा १९४५ च्या सुमाराचा आहे. रेने स्पिट्झ या मानसोपचारतज्ज्ञाने टाकलेल्या बाळांच्या एका संस्थेची पाहणी केली. तिथली स्वच्छता निर्दोष होती. संसर्ग टाळायला बाळांच्या पाळण्यांच्या बाजूंना चादरी टांगलेल्या होत्या. उचलून घेणारे, बोलणारे हात मात्र फार थोडे. दोन वर्षांच्या पाहणीत तिथल्या ९१ बाळांपैकी ३४ दगावली. तुलनेसाठी पाहिलेल्या तुरुंगातल्या पाळणाघरात बाळं आईच्या हातात वाढत होती, तिथे त्या काळात एकही नाही. स्पिट्झच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. पण चकचकीत फरशी पाहून समाधान मानणाऱ्या प्रत्येक पाहणी समितीला ही गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं.

पाणी, ब्लीच आणि पैसे

हा भाग कोरडा आहे, पण टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या शाळांसाठीच्या मानकांत निवासी मुलांना माणशी रोज २० लिटर पाणी धरलं आहे, आणि फ्लशचे संडास असतील तर वरून २० ते ४० लिटर. संडासांचं प्रमाण २५ मुलींमागे एक, आणि ५० मुलग्यांमागे एक संडास व एक मुतारी. लक्षात घ्या, हे किमान आकडे कमी खर्चाच्या शाळांचे आहेत. बालगृहात सगळी मुलं एकाच वेळी उठतात आणि एकाच वेळी शाळेला निघतात. तिथे हे प्रमाण धरलं तर रांगेत शेवटी उभी राहणारी बारकी मुलं रोज शी दाबूनच बाहेर पडणार. टाकीतल्या पाण्याला क्लोरीन लावत असाल, तर अर्ध्या तासानंतर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेलं हवं. ते तपासायची साधी पेटी मिळते.

ब्लीचबद्दल मात्र नीट वाचा, कारण अपघात इथे होतात. पाच टक्क्यांचं द्रावण असेल तर त्याच्या एका भागात ४९ भाग पाणी घातलं की पृष्ठभाग पुसायला पुरेसं ०.१ टक्क्याचं होतं. आधी घाण साबणाने काढायची, मग ते लावून दहा मिनिटं ठेवायचं. ब्लीच आणि ॲसिडचा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. साचलेल्या लघवीवर थेट ब्लीच ओतलं तरी झोंबणारा वायू निघतो, म्हणून आधी पाणी. आणि हे काम मुलांकडून करवून घ्यायचं नाही. आपला पलंग आवरणं वेगळं, इतरांचे संडास घासणं वेगळं. शिक्षा म्हणून संडास घासायला लावणारी घरं मुलांच्या मनात संडास आणि अपमान कायमचे जोडून देतात.

देणगीदारांना संडास बांधून द्यायला आवडतं, वर नावाची पाटी लागते. साबण, पॅड, तुटलेली कडी आणि तीन ते पाच वर्षांनी सेप्टिक टँक उपसण्याच्या खर्चावर पाटी लागत नाही. त्यामुळे बांधल्यावर काही वर्षांतच संडासांना कुलूप, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. मदत करायची असेल तर तीन वर्षांचा साबण आणि प्लंबर द्या. कडी तुटल्याचं मुलाने कुणाला सांगायचं आणि ती किती दिवसांत बसवायची, हे भिंतीवर लिहून घ्या.

एक शेवटची, नेहमी राहून जाणारी गोष्ट. फॉस्टर घरातलं मूल एका जागी राहत नाही. ते परत आई-वडिलांकडे जातं, दुसऱ्या कुटुंबात जातं. त्याच्या कागदांत लसी आणि शाळेचा दाखला असतो, पण जंतांच्या औषधाचा दुसरा डोस कधी द्यायचा आहे, खरजेचं मलम लावून किती दिवस झाले, रात्री दिवा लागतो का, शी घट्ट होते का, कोणती बाई जवळ असली तरच अंघोळ करतं, यातलं काहीच नसतं. अर्ध्या पानाची चिठ्ठी पुरते. ती मुलाच्या हातात न देता नव्या घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात द्यावी, आणि त्यात काय लिहिलं आहे हे मुलाला आधी वाचून दाखवावं.